घडी

चैत्र वद्य अष्टमी. भांगाचे दिवस,
म्हणून ओहोटी ऐन बारा-साडेबाराला.
काळबादेवीच्या खडकाला थर्मामीटर टेकवला,
आकडा सेहेचाळीसवर जाऊन थांबला.
वहीत लिहिला. वहीसुद्धा तव्यासारखी.

द्रुपदा डोर्लेकर कोयतीच्या टोकानं कालवं सोडवतेय.
डोक्यावरचं ओलं फडकं दहा मिनिटांत सुकतं,
ती ते पुन्हा खळगीत बुचकळते.
कालवाला फडकं नाही.
चमचाभर पाणी आत ठेवून त्यानं शिंपला मिटलाय.
बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, स्वस्थ आहे.

स्वस्थ नाही.
माझ्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या खोलीत
घड्या सुटतायत.

प्रथिन म्हणजे एक लांबच लांब धागा,
आणि त्याची सगळी पत त्याच्या घडीत.
तेलकट भाग पोटात, पाण्याशी पटणारा बाहेर.
ताप वाढला की धागा थरथरतो,
पोटातलं उघडं पडतं,
आणि उघडं उघड्याला चिकटतं.
अंडं उकडताना पांढरं घट्ट होतं, तसं.
तिथून माघारी येता येत नाही.

"बाय, ह्यात तुला गावतंय काय?"
मी म्हटलं, पेशीत काही प्रथिनं असतात,
दुसऱ्यांना सांभाळणारी.
सुटत्या घडीला हात देतात, चिकटू देत नाहीत,
पुन्हा नीट बसेस्तोवर सोबत राहतात.
"मंजे पाठराखीण," ती म्हणाली,
आणि कालव पाटीत टाकलं.

इतकी वर्षं मी इंग्रजी नावच घोकत होते.

तर, एरवी या पाठराखिणी
एका निरोप्याचा हात धरून बसलेल्या असतात.
तो गप्प, कारण धरलेला.
मग घड्या सुटायला लागतात, त्या उठून धावतात,
आणि निरोप्याचा हात मोकळा होतो.
हात मोकळा झाला, हाच निरोप.
वेगळी दवंडी नाही.
त्याच्यासारखे आणखी दोघे भेटतात,
तिघे मिळून केंद्रकात शिरतात,
जनुकाच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात:
आणखी पाठराखिणी करा. लगेच.
वाढ नंतर. अंडी नंतर.
प्रत्येक घडीमागे ऊर्जा खर्ची पडते,
आणि शिंपला मिटलेला, खायला आत काही येत नाही.
जी बसतच नाही तिला चिठ्ठी चिकटवून मोडीत काढतात.

द्रुपदा खडकाच्या सावलीत टेकली.
सावली वीतभर.
"गेल्या वैशाखात मी पडले ना हितंच.
डोळ्यांपुढं पांढरं. घाम पन आटलेला.
जाऊ माझी, रंभा, तिनं पाटी टाकली दर्यात,
दोन तासांची कालवं, नि धावली."
जरा थांबून,
"पाटी नाय गावली परत."

मी हे कुठल्या रकान्यात लिहू?
तिच्याही पेशींत त्या दुपारी
हेच चाललं असणार, हाच निरोप्या, हेच तिघे.
कालवाची नि तिची वाट फुटून
कोट्यवधी वर्षं झाली, ही एक रीत दोघांनी टाकली नाही.

भरती आली की कालव उघडेल.
पाठराखिणी परत निरोप्याचा हात धरतील.
काही तशाच रेंगाळतील दोन-चार दिवस,
म्हणून उद्याचं ऊन त्याला थोडं कमी बाधेल.
किती उद्या, ते मला ठाऊक नाही.
माझ्या वहीत सातच उन्हाळे आहेत.

निघताना तिनं तिच्या पाटीतली सहा कालवं दिली.
"मोठी बगून दिलीत हां."
मी ती तिथंच उघडली, कल्ल्यांचे तुकडे कापले,
आणि नायट्रोजनच्या नळकांड्यात सोडले.
धूर आला, गार, पायांवरून वाहत गेला.
आत सगळं जिथल्या तिथं थांबलं:
अर्धी बसलेली घडी,
तिला धरलेला हात.

द्रुपदा वाकून बघत होती.
फडकं सुकलं होतं तिचं.