दुसरा आकडा

मार्चमध्ये रोझविता बाईंच्या गॅरेजात उभा होतो,
हातात टॉर्च, वही
आणि रंगाची जाडी मोजायचं ते चिमुकलं यंत्र.
गाडी पंधरा वर्षांची. राखाडी. दोन दारांची.
गिअर हातानं, छत हातानं,
पडद्याच्या जागी पाच गोल तबकड्या, त्यांत थरथरणारे काटे.

बोनेटवर बोटं वाजवली, डॉक्टर पाठीवर वाजवतात तशी,
आणि म्हणालो, एकोणीस हजार.
"एवढेच?"
नवं मॉडेल येतंय, बाई.
रस्ता ओला आहे हे चाकांच्या आधी त्याला कळतं.
ते आल्यावर हिला कोण विचारणार?

खोटं नव्हतो बोललो.
किंमत म्हणजे लोकांच्या हव्यासाचा ताप,
मी फक्त पारा वाचतो.

त्यांनी चावी पुन्हा खिळ्याला अडकवली.
"गेर्नोट असता तर तुम्हाला कॉफीसुद्धा दिली नसती,"
म्हणाल्या, आणि कॉफी दिली.

नवं मॉडेल आलं. केशरी.
शोरूमच्या काचेआड असं उभं, जणू त्याला सावलीच नाही.
पहिलं उचललं दंतवैद्य झाइट्स यांनी.
तिसऱ्या आठवड्यात, आल्बच्या चढावर,
पडद्यावर एक पिवळं कासव उमटलं.
बस्स, कासव.
लाखभर युरोची गाडी
बटाट्याच्या ट्रकमागून चाळीसनं चढत राहिली,
आणि ट्रकवाल्यानं आरशातून हात केला.

मग बाकीच्यांची पाळी.
कुणाची बेअरिंगं झिजली, कुणाचं दार थंडीत उघडेना,
एकाची गाडी मध्यरात्री आपोआप जागी होऊन
अंगणात दिवे पाडत बसायची.
कंपनीचं पत्र आलं:
पुढील सूचनेपर्यंत आपण वाहन चालवू नये, ही नम्र विनंती.
इतकं सभ्य पत्र मी जन्मात वाचलं नाही.

आणि माझ्या टेबलावरचा फोन थांबेना.
जुनी आहे का हो? मागची? काट्यांची?
झाइट्स स्वतः आले, आवाज खाली करून,
दाढदुखीचा पेशंट बोलतो तसे बोलले.

एकोणिसाचे सव्वीस झाले, सव्विसाचे चौतीस.
तिचा एक स्क्रूही कुणी पिळला नव्हता.
बंद दाराआड, चादरीखाली, ती आपली महाग होत गेली,
शेजारचं पोर नापास झालं की
आपलं हुशार ठरतं, तशी.
मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात;
इथे म्हैस जिवंत होती,
मीच पाठ करून उभा होतो.

नोव्हेंबरात परत गेलो.
नेकारवरचं धुकं द्राक्षांच्या उतारावर चढलेलं.
तीच टॉर्च. तीच वही.
यंत्र म्हणालं, रंग मार्चमध्ये होता तेवढाच जाड.
मी म्हणालो, एकेचाळीस.

त्या हसल्या नाहीत.
"तेव्हा चुकलात की आत्ता?"
दोन्ही आकडे बरोबर आहेत, बाई.
"आणि नवी दुरुस्त झाली म्हणजे?"
होईल. वसंतापर्यंत करतील ते.
"मग पुन्हा एकोणीस?"
मी वहीच्या कडेला रेघा ओढत राहिलो.

"चौदा वर्षं मी उजव्या सीटवर बसले," म्हणाल्या,
"नकाशा मांडीवर घेऊन.
वळण आलं की सांगायचं, एवढंच माझं काम."
चावी खिळ्यावरून काढली. चादर ओढली.
डाव्या दारानं आत बसल्या, सीट पुढे घेतली,
इतकी पुढे, की गेर्नोटचे गुडघे तिथे मावले नसते.

दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा खोकली, आणि पाचही काटे उठले.

बाई, चालवलेल्या गाडीची किंमत उतरते,
मी ओरडलो, सवयीनं.
काच खाली आली.
"हो ना? मग लिहून ठेवा."

फाटकाशी एक हिसका, मग उतारावरून घरघर.
मी गॅरेजात एकटा, हातात त्यांचाच कॉफीचा कप,
वहीत सकाळी टिपलेलं किलोमीटर,
जे पहिल्या वळणाच्या आतच
खोटं व्हायला लागलं होतं.