अगं, बूट काढ

उल्लापूलची बोट आजही नाही.
खिडकीमागचा तोर्किल पाटी फिरवतो,
वारा किती ते सांगत नाही,
नुसती हनुवटी उचलून समुद्राकडे दाखवतो:
तुम्हीच बघा.

स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर आम्ही अकरा जण,
एक मेंढपाळ कुत्रा,
खोक्यात कुणाच्या तरी लग्नाचा तीन मजली केक,
आणि माझ्या मांडीवर वाचनालयाचा दुसरा खंड,
सहाशे बारा पानं.

पहिल्या खंडात ही वेस्मा काय होती!
गोठलेली नदी अनवाणी ओलांडली,
पहारेकऱ्यांना त्यांच्याच भाषेत शिव्या घालून
किल्ल्याची किल्ली मागून घेतली.
रात्री दोन वाजता मी अंथरुणात उठून बसले होते
(वय एकसष्ट, गुडघ्याला पट्टा)
आणि टाळी वाजवली होती एकटीनंच.

आणि आता?
आईनं मरताना दिलेलं पत्र
बुटाच्या अस्तरात शिवून
बाई हिंडतेय शेकडो पानं.
दलदलीतून जाते, उघडत नाही.
खानावळीत शेकोटीशी पाय सुकवते,
बूट हातात घेते, मी श्वास रोखते,
चिखल खरवडते
आणि पुन्हा घालते.
ज्या राजपुत्राच्या बोलण्यात पाणी मुरतंय
हे त्याच्या घोड्यालाही कळलंय
त्याच्यापाशी हिनं अक्कल गहाण टाकली.
म्हातारी जादूगारीण सांगून थकली.
पालथा घडा.

माझ्याआधीही कुणीतरी वैतागलंय.
पान एकशे चार, समासात, बारीक पेन्सिल:
‘अगं, बूट काढ.’
एकशे एकोणीस: ‘बूट!’
एकशे साठला नुसती रेघ, इतकी दाबून
की मागच्या पानावर उमटलीय.
डावखुरं असावं कुणी, अक्षर मागे रेललेलं.
मी हसते. कुत्रा कान टवकारतो.
अशी सोबत मिळाली की
कॉफी निवल्याचंही कळत नाही.

दोनशे चाळीस: ‘आता हिचं मला काही पडलेलं नाही.’
दोनशे सत्तर: ‘पडलंय.’
दोनशे एकाहत्तर: ‘पोरीनं जेवून तरी घ्यावं.’

आणि मग काहीच नाही.
पान उलटते, समास कोरा.
आणखी उलटते, कोरा.
शेवटी मागच्या कागदावरचे शिक्के बघते:
याआधीची तारीख नोव्हेंबरातली, दीड वर्षापूर्वीची.
कंटाळून दिलं असेल परत.
चष्म्याचा नंबर वाढला असेल.
किंवा परत द्यायला दुसरंच कुणी आलं असेल,
आणि

तोर्किल सूप घेऊन येतो, कागदी कपात, फुकट.
गावातलं डावखुरं कोण, याला नक्की ठाऊक असणार.
मी मीठ मागते.

तीनशे अठ्ठेचाळीस.
वेस्मा मिठागराच्या बांधावर बसलीय.
गळ्याशी तलवार नाही, भविष्यवाणी नाही,
टाचेला काहीतरी टोचतंय, बस.
बूट काढते.
खडा नाही, कागदाचा कोपरा.
शाई फुटलेली, अर्धं पत्र वाहून गेलेलं.
उरलेल्यात राज्याबद्दल एक अक्षर नाही:
काळ्या शेळीला मीठ चाटायला देत जा,
ती मागत नाही.

लेखिका तिला दोन ओळी रडू देते.
मला थोड्या जास्त लागतात.

चाळीस वर्षं शाळेत मी पोरांना झापलं
पुस्तकात लिहिलं म्हणून.
उठते. तोर्किलच्या खिडकीत
दोरीला बांधलेली पेन्सिल असते, ती सोडवून आणते.
दोनशे एकाहत्तर काढते.
त्या मागे रेललेल्या अक्षराखाली, जमेल तितकं सरळ:
‘काढला. पान ३४८.’

बाहेर काचेवर खारं पाणी आपटतं.
‘उद्या सकाळी, कदाचित,’ तोर्किल सगळ्यांना सांगतो,
‘आणि माझी पेन्सिल?’

तीनशे पन्नासला
ती पुन्हा त्याच राजपुत्राकडे निघालीय, एकटी, रात्रीची.
मूर्ख कुठली.
पेन्सिल मी अजून देत नाही.