प्रॉम्प्टर

सेलूच्या प्रयोगाला तिसऱ्या अंकात
दार अडकायचंच.
मुंजाभाऊ विंगेतून लाथ घालायचा
अन् पब्लिक असं हसायचं
की पुढचं वाक्य मला
हातात धरून उभं राहावं लागे,
गरम चहाच्या कपासारखं.

आता तेच नाटक टीव्हीवर.
दार गुळगुळीत उघडतं.
हशा आधीच भरलेला,
सगळीकडे सारखाच.

मुंजाभाऊचे ओठ हलतात,
नटाच्या अर्धा श्वास आधी.
मधेच ओरडतो,
"थांब की रे बाबा,
हसू दे की लोकायला!"

नट कशाला थांबतोय.
ऐन विनोदात सिमेंटची जाहिरात.

मुंजाभाऊ आवाज बंद करतो.
उरलेलं वाक्य हळूच सोडतो,
विंगेतून सोडायचा तसं.
तूर पाखडता पाखडता
सून हसते, जरा उशिरा.

तेवढं थांबून
तो माझ्याकडं बघतो.