मनगट

तोरिनोच्या एका तळघरात
मी चौदाव्या वर्षी ब्रश धुवायला लागले.
एर्सिलिया बाया दुरुस्त करायची.
म्हणजे फोटोतल्या.
रंगाचा फवारा सोडणारी
पेनाएवढी बंदूक तिच्या हातात,
ओठांत विझलेली सिगरेट,
आणि समोर टाचण्यांनी टाचलेली
कुणीतरी एक हसणारी.

तीळ गेला. कानामागची शीर गेली.
गुडघ्यांच्या वाट्या हव्यात कशाला,
असं सिन्योर ग्रिबाउदो म्हणाले, त्याही गेल्या.
मोज्यांच्या एका जाहिरातीत तर
बाई कमरेच्या वर उरलीच नाही.
कापून काढलेले नुसते पाय
पानावर चालत राहिले,
कुठे निघालो ते न सांगता.
खाली पडलेला वरचा अर्धा भाग
मी केराच्या टोपलीत टाकला, चेहरा वर ठेवून.
का, ते विचारू नका.

मग आली फ्रिजची बाई.
साल बासष्ट. मार्चचा अंक, अख्खं पान, रंगीत.
उंच टाचा, मोत्यांची माळ,
फ्रिजचं दार उघडून अशी उभी
जणू आत देव बसलाय.
आत होती प्लास्टरची कोंबडी,
मेणाची द्राक्षं.
फ्रिजला वायरसुद्धा नव्हती.
आमच्या दोघींच्या घरी लोणी
अजून खिडकीबाहेरच्या कठड्यावर.

"इकडे ये," एर्सिलिया म्हणाली. भिंग दिलं.
बाईच्या उजव्या मनगटावर, आतल्या अंगाला
आडवी, तपकिरी, बोटभर रेघ.
भट्टीच्या जाळीची. गेल्या आठवड्यातली असेल.
"ह्या पानात," ती म्हणाली,
"स्वयंपाकघर पाहिलेलं एवढंच आहे."

त्या दिवशी तिनं दात पांढरे केले,
कंबर दोन बोटं आत घेतली,
कोंबडीलासुद्धा तकाकी दिली.
मनगटाशी येऊन थांबली.
बंदुकीतला रंग वाळून गेला.
मी धुवायला मागितली, तर म्हणाली, राहू दे.
बंदूक की रेघ, मला कळलं नाही.

अंक छापला. गेला
दातांच्या डॉक्टरांकडे, केस सेट करणाऱ्यांकडे,
वाट बघणाऱ्या बायकांच्या मांड्यांवर.
फ्रिज खपले. कुणी काही बोललं नाही.

एप्रिलात एक पत्र आलं,
कुनेओच्या वरच्या कुठल्याशा खेड्यातून,
चौकटीच्या वहीचा कागद, पेन्सिलीचं अक्षर:
"फ्रिज आम्हाला नको, आमच्याकडे ओढा आहे.
पण त्या बाईला सांगा, लोणी लावू नको.
लोण्यानं आग आतच राहते.
कच्चा बटाटा किसून बांध, रात्रभर.
आणि ताटं बाहेर काढायला
तिच्याकडे दुसरं कुणी नाही का?
डेल्फिना."

ग्रिबाउदोंनी पत्र दोनदा वाचलं. मग भिंग मागवलं.
एर्सिलियाच्या पगारातून चार हजार लिरा गेल्या.
मेच्या अंकात तेच पान, तीच बाई,
मनगट सोललेल्या अंड्यासारखं.
ते मीच केलं. माझं पहिलं काम.
हात चांगला आहे हिचा, सगळे म्हणाले.

डेल्फिनाचा निरोप पोचवायचा, तर
बाईचं नाव कुणाला माहीत नव्हतं.
मी फाइल उघडून पाहिली. पावतीवर होतं:
बाई, एक. चार तास.

आता फ्रिज माझ्याकडेही आहे. रात्री घुरघुरतो.
कुठे भाजलंच तर मी बटाटा किसते.
उपयोग होतो का,
अजून नक्की सांगता येत नाही.