गेज रजिस्टर

एकतीस वर्षं मी कालव्यावर काढली.
मुठा उजवा कालवा, हडपसरपासून खाली लोणीपर्यंत,
कुठलं दार किती इंच उघडं, हे झोपेत सांगायचो.
आणि आता रात्रीतून तीनदा उठून
स्वतःचंच पाणी उतरायची वाट बघतो,
फरशीवर अनवाणी, भिंतीला हात टेकून.
इंदुमती बाहेरून विचारते, झालं का?
मी म्हणतो, आवर्तन सुटलंय गं,
टेलला पोचायचंय अजून.

बारा सुया टोचल्या. सातांत सापडलं.
चार अधिक तीन, डॉक्टर टिळेकर म्हणाले,
आणि गणित सोडवायचं माझ्यावर टाकलं.

पाषाणच्या लॅबमध्ये शाहीन मुजावर म्हणून मुलगी आहे.
तिचे आजोबा माझ्या हाताखाली पाटकरी होते.
तिनं रिपोर्टच्या पाठीवर पेनानं काढून दाखवलं:
काका, नकाशा प्रत्येक पेशीत तोच,
बुबुळात, टाचेत, त्या अक्रोडाएवढ्या गाठीतही.
फरक एवढाच, कुठलं जनुक उघडं, कुठलं बंद,
आणि उघडं असेल तर किती.

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
एकाच पाटावर एकाची पेरूची बाग हिरवीगार
आणि शेजारच्या बांधावर कुसळं.
पाणी तेच. दार वेगळं.

मग तिनं खरी भानगड सांगितली.
एका दाराचं चाक निखळून
दुसऱ्याच दाराला जाऊन बसलंय.
पुरुषपणाचं हार्मोन ते चाक फिरवतं,
इमानानं, मिसरूड फुटल्यापासून फिरवत आलंय तसंच,
आणि उघडतं भलतंच:
वाढ, वाढ, एवढंच ज्याला येतं ते.
शिवाय पेशीला पेशी धरून ठेवणारा जो चुना,
त्याचं दार गंजून मिटत आलेलं.

चुना सुटला की भराव काय करतो, मी पाहिलंय.
आधी नुसती ओल येते,
म्हशीच्या नाकपुडीएवढी.
मुकादम म्हणतो, बघू उद्या.

माझी ओल कमरेच्या तिसऱ्या मणक्यात आहे.

आता दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन.
म्हणजे धरणावरच पाणी बंद.
पौषात मला घाम फुटतो, मी पंखा लावतो,
इंदुमती शाल गुंडाळून म्हणते,
आता कळलं, तेव्हा मला काय व्हायचं?
कळलं.
पण बंदी आली की खालचे लोक हुशार होतात,
पाझरावर मोटर बसवतात, थेंबावर मळा जगवतात.
गाठही तेच शिकते, शाहीन म्हणाली,
पण हे सांगण्याआधी तिनं पेनाचं टोपण दोनदा लावलं.

मीही एकदा रात्री दार दोन बोटं उचललं होतं,
थेऊरच्या अंगाला. कुणासाठी, ते सांगणार नाही.
सकाळी रजिस्टरात शून्य लिहिलं.
त्यामुळे त्या पेशीवर मला धड चिडताही येत नाही.

निघताना विचारलं,
ही जी बंद पडलेली, ती मेलेली का?
नाही काका. अक्षरन् अक्षर शाबूत आहे. वाचलं जात नाही, इतकंच.
मग गंज काढून, ग्रीस लावून
चालू नाही का करता येत?
ती हसली नाही.
म्हणाली, त्यावरच काम चाललंय.
अजून उंदरांवर.

जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती.
वेळ: पहाटे तीन दहा.
दार: उघडं.
विसर्ग: थेंब थेंब.
शेरा: इंदुमती जागी.