पावती नको

मार्लीन कांगस मंगळवारी येते.
शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई,
बुटांवरचा बर्फ दाराशीच झटकते आणि म्हणते,
"आज मेलेल्यांपैकी कोण मोकळं आहे?"
मी वाचनालयाच्या तळघरातून फिल्मचं रीळ आणून देतो.
या गावातलं तांबं संपलं, खाणी बुजल्या,
माणसं शिकागोला गेली. नोंदी मागे राहिल्या,
त्यांना तिकडे कुणी नोकरी दिली नाही.

तिला हवाय आजोबांचा धाकटा भाऊ, एइनो.
घरात सांगायचे, सरोवरात बुडाला.
एवढंच. बुडाला म्हणताना
आजी कॉफीचं भांडं विस्तवावरून उतरवायची,
म्हणजे विषय संपला.

तिसऱ्या हिवाळ्यात सापडला.
जिल्ह्याची मृत्यूनोंदवही, पान दोनशे सहा,
गोवराने गेलेली दोन मुलं वर,
खाली बाळंतपणात गेलेली एक इटालियन बाई,
मधे तो:
वय अंदाजे एकोणीस. अविवाहित.
क्रमांक चारच्या खाणीत, छत कोसळून.
पाण्याचा कुठे थेंब नाही.
बापाचं नाव: माहीत नाही.
आईचं नाव: माहीत नाही.
माहिती देणार: हिल्या राउतिओ, खाणावळवाली.

"माहीत नाही," मार्लीन वाचते. पुन्हा वाचते.
"आजोबा दोन गल्ल्या सोडून राहायचे.
त्यांना माहीत होतं की."
यंत्राचा पंखा घरघरत राहतो.

वर्तमानपत्रात चार ओळी,
लोकरी मोज्यांच्या जाहिरातीखाली.
नाव चुकलेलं, एनो कँगस.
"मनमिळाऊ तरुण. या देशात कुणी नातलग नाही."
तिने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता धरून ठेवला.

मग ती यादी. मी शोधायला गेलो नव्हतो,
त्याच खोक्यात होती, युनियनच्या कागदांत:
संप मोडून कामावर गेलेल्यांची नावं,
चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं.
चौदावं नाव एइनोचं.
खाली पाच सह्या,
त्यातली तिसरी तिच्या आजोबांची.

पुढचे दोन मंगळवार ती आली नाही.

मी मात्र रीळ फिरवत राहिलो,
दुसऱ्याच्या घरातलं असून.
दफनभूमीचा हिशेब: जागेचे अठरा डॉलर.
दर महिन्याला एक, एका जुलैत दोन.
सतरा महिने. देणाऱ्याचं नाव नाही.
प्रत्येक रकमेसमोर कारकुनाचे तेच दोन शब्द:
पावती नाकारली.

इंग्रजीत हे सोपं आहे. नाकारणाऱ्याला
मिशी लागत नाही, झगा लागत नाही.
माझ्या भाषेत सांगायला घेतलं की अडतं:
पावती नको म्हणाला?
की पावती नको म्हणाली?
खाणावळवालीला माया असेल.
किंवा आजोबा असतील, टोपी डोळ्यांवर ओढून,
युनियनच्या लोकांना दिसू नये म्हणून मागच्या दाराने.
आमच्याकडे भावाचं सुतक दहा दिवसांचं.
सतरा महिन्यांचं, हप्त्याने फेडलेलं,
मी ऐकलं नव्हतं.

मार्लीन आली तेव्हा तिला पान दाखवलं.
तिने बोट खाली सरकवत रकमा मोजल्या
ओठांतल्या ओठांत, फिनिशमध्ये,
तिला बाकी फिनिश येत नाही, आकडे तेवढे येतात.
अठरा. बरोबर.

"आजोबा?" मी विचारलं.

ती जुलैपाशी थांबली होती.
"जुलैअखेर ब्लूबेरी पिकते," म्हणाली.
"आजी पहाटे रानात जायची, बादल्या भरून विकायची.
त्या पैशांचा हिशेब
तिने कधी कुणाला दिला नाही."

एवढं बोलून कोट चढवला, गेली.
बुधवारी कुणा दुसऱ्याला यंत्र हवं होतं.
मी सांगितलं, बिघडलंय.