मेंढ्यांच्या कानांचं दप्तर

तळघरातला सर्व्हर बंद करायचा ठराव
क्लाक्सविकच्या नगरपालिकेत सात विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.
कारणं: वीजबिल, भिंतीवरची बुरशी,
आणि अकरा वर्षं दम लागल्यासारखा बोलणारा तो पंखा.
त्यात होतं तरी काय, तर मेंढ्यांचे कान.
कुठल्या घराच्या मेंढीला डाव्या कानावर दोन खाचा,
कुठल्या घराची उजवं टोक छाटलेली.
सगळं हानुसनं पीएचपीत लिहिलेलं,
वादळात बोटी बंद असायच्या तेव्हा.
हानुस आता चर्चमागे निजलाय,
पासवर्डसकट.

सुन्नुवा, त्याची भाची, डिस्क पिशवीत घालून घेऊन आली.
काल्सोयच्या बोटीत मांडीवर धरून बसली,
अंडी धरावीत तशी.
मग तीन आठवडे खोलीचं दार लावून
तिनं पीएचपीचा अख्खा संसार वेबअसेम्ब्लीत बांधला:
हुकूम वाचणारा, डेटाबेस, फायलींची कपाटं,
चौदा एमबीचं बोचकं.
ते ब्राउझरच्या एका टॅबमध्ये ठेवलं
आणि वायफाय बंद केलं.

पान उघडलं.

आधी इथली विनंती सामुद्रधुनी ओलांडायची,
पायऱ्या उतरून तळघरात जायची,
उत्तर घेऊन परतेपर्यंत मारयुनचा चहा निवायचा.
आता उंबऱ्यावरच तिला एक गडी अडवतो,
लांब कशाला जातेस म्हणतो, आत वळवतो.
काखेत कळसा असताना
किती वर्षं आपण गावाला वळसा घातला!

प्रोग्रामला यातलं काहीच ठाऊक नाही.
त्याला वाटतं, आपण अजून तळघरात आहोत.
तो अदबीनं विचारतो, कोण आलंय?
आणि वहीत पाहुण्याचा पत्ता टिपतो: १२७.०.०.१
यजमानच पाहुण्याकडे राहायला आलाय,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्या खेपेला फजिती झाली.
पोल टॅबलेट घेऊन डोंगरावर गेला,
वर रेंज नाही, तरी त्रेचाळीस मेंढ्या नोंदवल्या,
ओल्या अंगठ्यानं, धुक्यात.
उतरताना बॅटरी संपली.
टॅब मेला, त्यासोबत त्रेचाळीसही गेल्या.
सगळं नुसत्या मेमरीत होतं,
जिरवून ठेवायचं सुन्नुवाच्या डोक्यातच आलं नव्हतं.
मेंढ्या मात्र डोंगरावर होत्या तिथेच, चरत.
पोलनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.
तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटून
छत्तीस कान पाठ म्हणून दाखवले.
उरलेल्या सातांसाठी पुन्हा वर गेला.

मारयुननं स्वयंपाकघरात बसून
एका करड्या मेंढीचा शोध घेतला. उत्तर आलं:
«नाही सापडली. चष्मा पूस आणि परत बघ.»
हानुसनं लिहिलेलं, कुणासाठी कोण जाणे.
तिनं पदरानं, म्हणजे ॲप्रनच्या टोकानं,
चष्मा पुसला.
परत बघितलं.
अंक एक चुकला होता.

एक गोष्ट टॅबमधून होत नाही.
तिथून टपाल बाहेर पडत नाही, सगळ्या भिंती बंद.
आणि हा प्रोग्राम दर सप्टेंबरात एक पत्र पाठवायचा,
हानुसच्या हानुसलाच.
«पाठवलं का?» असं तो विचारेल तेव्हा काय सांगायचं,
यावर सुन्नुवा एक संध्याकाळभर अडली.
शेवटी तिनं लिहिलं: हो.
आणि पत्र गुपचूप एका फायलीत वळवलं.

मारयुननं ते यंदा पहिल्यांदा वाचलं.
«हानुस, कळप खाली आणायची वेळ झाली.
दोर मारयुनकडे मागू नकोस, ती करवादते.
पोलकडून आण.»

ती उठली. पडवीत गेली.
दोर खुंटीवर होता.
पोलचा.